घरात बाईमाणूस कोण

माझी बहीण गेली तेव्हा तिची मुलगी चौथीत होती. मेव्हणे त्याच्या बऱ्याच आधी, मुलगी दोन वर्षांची असताना, हायवेवरच्या अपघातात गेले होते. तेव्हापासून बहीण मुलीला घेऊन आमच्याकडेच राहत होती. तिची कावीळ लक्षात यायला उशीर झाला आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं.

सातपूरला कंपन्यांच्या मागच्या वस्तीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. तिथं आम्ही तिघं उरलो. आई, भाची आणि मी. आई सत्तरीला टेकलेली, मी चाळिशीच्या जरा अलीकडे. माझं लग्न झालेलं नाही. मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे. निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतले जळालेले पंप आमच्याकडे येतात. जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, वॉर्निश मारून वाळवायची. हंगामात शेतकरी दारात उभे असतात, बागेला पाणी थांबलेलं असतं, त्यामुळं घरी जायची वेळ ठरलेली नसते.

भाची सहावीत गेली त्या वर्षी पालकसभेला तिच्या वर्गशिक्षिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही बालसंगोपन योजनेचा अर्ज केलाय का?"

मी ते नाव पहिल्यांदाच ऐकत होतो.

"ज्यांना आई-वडील नाहीत, किंवा एकच जण आहे, अशा मुलांसाठी आहे. अठरा वर्षांची होईपर्यंत महिन्याला सव्वादोन हजार मिळतात. तिच्या हक्काचे आहेत. सोडू नका." त्यांनी वहीच्या पानावर कागदांची यादी लिहून दिली. दोघांचे मृत्यूचे दाखले, आधार, रेशन कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, मुलीच्या नावाचं पासबुक. शेवटी लिहिलं होतं, घरासमोर उभं राहून काढलेला मुलीचा आणि पालकांचा फोटो.

तो फोटो शेजारच्या वहिनींनी काढला. वहिनी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. त्या घरून पोळीभाजीचे डबे देतात, त्यांचे मिस्टर कंपनीत आहेत, दोन मुलं कॉलेजला. फोटोसाठी आईला मध्ये उभं केलं तर ती सारखी मागं वळून दाराकडं बघत होती. "ती कुठंय? तिला बोलवा की," म्हणाली. वहिनींनी मोबाइल खाली घेतला. भाचीनं आजीचा हात धरला आणि म्हणाली, "आजी, इकडं बघ, मोबाइलकडं." चौथ्या वेळी फोटो नीट आला.

आईचं हे दोन वर्षांपासून सुरू होतं. गॅसवर दूध ठेवून ती विसरायची. सकाळी जेवलेली दुपारी म्हणायची, मला कुणी वाढलंच नाही. मी त्याला वय म्हणायचो. लेक गेल्याचा धक्का म्हणायचो. डॉक्टरांकडं नेलं नाही, कारण नेलं असतं तर त्यांनी त्याला काहीतरी नाव दिलं असतं, आणि नाव मिळालं की पुढचं सगळं करावं लागलं असतं. हे मला आज लिहिता येतं. तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

कागद जमवायला दोन महिने गेले. मेव्हण्यांचा दाखला त्यांच्या निफाड तालुक्यातल्या गावच्या ग्रामपंचायतीत मिळाला. तिथंच मुलीच्या चुलत्यांकडून संमतीपत्र घ्यायचं होतं, की मुलगी मामाकडं राहायला आमची हरकत नाही. चुलते बागेत होते, डिपिंग चाललं होतं, द्राक्षाचे घड एकेक करून औषधात बुडवत होते. त्यांनी हात पुसले, एका मजूर बाईला वाकायला सांगितलं आणि तिच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. "कितवीत हे आता?" त्यांनी विचारलं. मी सहावीत म्हणालो. "बरं हे," म्हणाले आणि पुन्हा घडांकडं वळले. मला राग यायला हवा होता. मला सुटल्यासारखं वाटलं.

अर्ज घेऊन मी जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो तेव्हा बाकावर माझ्या शेजारी हरसूलकडचे एक म्हातारबाबा बसले होते. नातवासाठी आले होते. माझे कागद त्यांनी नजरेनंच चाळले आणि विचारलं, "पोर कोणाची?"

"बहिणीची. मुलगी आहे."

"घरात बाईमाणूस?"

"आई आहे माझी."

"मंग बरं हाय," ते म्हणाले. "आमच्या गावची एक पोर व्हती, मामाच सांभाळायचा, एकटाच. समितीनं ठिवून घेतली तिला बालगृहात. एकट्या बाप्याच्या घरी पोरगी ठेवत नाय म्हणं."

हे खरं होतं की गावातली ऐकीव गोष्ट, ते मला आजही माहीत नाही. पण माझा नंबर आला तेव्हा टेबलामागच्या बाईंनीही पहिला प्रश्न तोच विचारला.

"घरात बाईमाणूस कोण?"

"आई."

"वय? तब्येत बरी असते ना? मुलीचं सगळं त्याच बघतात?"

"हो," मी म्हणालो. "ठणठणीत आहे."

त्यांनी अर्जावर शिक्का मारला, पोच दिली. "आता घरी समाजसेविका येतील. गृहभेटीचा अहवाल झाला की बालकल्याण समितीपुढं मुलीला घेऊन यायचं. ते तिच्याशी बोलतील आणि आदेश काढतील."

"तिच्याशी म्हणजे, माझ्यासमोरच ना?"

"नाही, एकटीशी. तसंच असतं."

मी बाहेर आलो. दहा मिनिटं स्कूटरजवळ उभा राहिलो आणि परत आत गेलो. "बाई, अर्ज मागं घेता येतो का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं मला कळलं की मी आणखी वाईट करून ठेवलं. "का? काही अडचण आहे का घरात?"

"नाही, सहज विचारलं."

"मुलीची नोंद झालीये आता. आई-वडील नसलेली मुलगी आहे, तिची चौकशी व्हायलाच हवी. अर्ज असो वा नसो."

त्या संध्याकाळी दुकानात एका पाच एचपीच्या मोटारीची तार भरताना माझे वेढे दोनदा चुकले. मालकांनी विचारलं, बरं नाही का. मी घरी निघालो, पण घरी न जाता वहिनींच्या दारात गेलो. त्या पोळ्या लाटत होत्या.

"वहिनी, एक काम होतं. चौकशीला बाई येतील, तेव्हा तुम्ही आमच्याकडं थांबाल का?"

"थांबेन की."

"आणि... तुम्ही माझी चुलत बहीण आहात असं सांगाल? आमच्याकडंच राहता असं."

लाटणं थांबलं. "भाऊ, माझा नवरा इथं, मुलं इथं. मी तुमच्या घरात कशी राहीन?"

"त्या कशाला एवढं बघायला येतायत? नुसतं एकदा सांगायचं. एकदा अहवाल झाला की संपलं."

तव्यावरची पोळी करपली, ती वहिनींनी बाजूला टाकली. "तुमची बहीण माझ्याशी रोज बोलायची," त्या म्हणाल्या. "तिच्या लेकीला कुठं पाठवलं तर मला झोप लागायची नाही. पण हे मला आवडलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा."

मग मी भाचीला बसवलं. तिनं गृहपाठाची वही बंद केली.

"त्या बाई आल्या की वहिनींना मावशी म्हणायचं."

"का?"

"कारण घरात कुणी मोठी बाई नसली तर त्यांना वाटेल तुझी काळजी घेणारं कुणी नाही, आणि ते तुला घेऊन जातील."

"आजी आहे ना."

"आजीचं तुला माहिती आहे."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "मावशी रात्री कुठं झोपते म्हणून विचारलं तर?"

"आतल्या खोलीत, तुझ्याजवळ."

"आणि तिचे कपडे?"

मला हे सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वहिनींच्या दोन साड्या मागून आणल्या आणि आतल्या दोरीवर टाकल्या. भाची दारात उभी राहून बघत होती.

समाजसेविका आल्या त्या दिवशी सगळं बिनबोभाट पार पडलं. तिशीतल्या, अंगानं बारीक, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, संडास-बाथरूम पाहिलं, मुलीची पुस्तकं कुठं ठेवता विचारलं. वहिनींनी चहा केला. आमच्या घरात साखरेचा डबा कुठं असतो हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळं ते अगदी खरं वाटलं. आईला मी सकाळीच आंघोळ घालून नवं लुगडं नेसवलं होतं आणि गोळी देऊन झोपवलं होतं. सर्दीची गोळी, झोप येणारी. हेही मी केलं. समाजसेविकांनी विचारलं तेव्हा म्हणालो, आईला जरा कणकण आहे.

त्यांनी लिहिलं, घरात आजी, मामा आणि मावशी. मी वाकून वाचलं. समाजसेविका गेल्याबरोबर वहिनी दोरीवरच्या साड्या घेऊन निघून गेल्या.

समितीची तारीख पंधरा दिवसांनी होती. सकाळी मी भाचीच्या वेण्या घातल्या. त्या मला नीट जमत नाहीत, एक जाड आणि एक बारीक होते. स्कूटरवर ती माझ्या पाठीमागं बसली होती. मी तिला पुन्हा सगळं विचारून घेतलं. मावशी कुठं झोपते. मावशी जेवायला काय करते. ती वाऱ्यात ओरडून उत्तरं देत होती. सगळी बरोबर होती. तरी मी परत विचारलं, आणि या वेळी तिनं उत्तर दिलं नाही.

आत लांब टेबल होतं, त्यामागं चार जण. मध्ये बसलेल्या बाई साठीच्या, पांढरे केस, आवाज हळू. त्या अध्यक्ष होत्या. आधी आम्हा दोघांना एकत्र बसवलं, कागद पाहिले. मग म्हणाल्या, "मामा, तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेर व्हरांड्यात बाकडं होतं. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एकदा कुणीतरी हसलं, आणि ते हसणं ऐकून मला धीर आला. मग बराच वेळ काहीच नाही. एक शिपाई पाण्याचा जग घेऊन आत गेला, रिकाम्या हातानं बाहेर आला. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो, जणू त्यालाच सगळं माहीत होतं.

अर्ध्या तासानं भाचीला बाहेर आणलं. एक बाई तिला पलीकडच्या खोलीत घेऊन गेल्या. ती माझ्याकडं न बघता गेली. मला आत बोलावलं.

अध्यक्ष बाईंनी मला बसायला सांगितलं. "तुमच्या भाचीनं आम्हाला काय विचारलं, सांगू?" त्या म्हणाल्या. "आम्ही म्हटलं, घरी कोण कोण असतं ते सांग. तर ती म्हणाली, खरं सांगू का मामानं सांगितलंय ते सांगू?"

मला वाटतं मी काहीतरी बोललो, पण काय ते आठवत नाही.

"आम्ही म्हटलं, तुला वाटेल ते सांग. तर म्हणाली, मग आधी तुम्ही सांगा, खरं सांगितलं तर मला घरी जाऊ द्याल का?"

"मग?"

"आम्ही तिला असं वचन देऊ शकत नव्हतो. आणि तिनं तरीही खरं सांगितलं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही अकरा वर्षांच्या मुलीवर केवढं ओझं टाकलंत, कळतंय का तुम्हाला?"

मी हो म्हणालो. मग मला थांबता येईना. मी सगळं सांगितलं, म्हातारबाबांनी सांगितलेलं, आईचं विसरणं, वहिनींच्या साड्या, आईला दिलेली गोळी. गोळीचं ऐकल्यावर टेबलाच्या टोकाला बसलेल्या गृहस्थांनी मान वर केली. ते वकील होते असं मला नंतर कळलं.

"आईंना डॉक्टरांना दाखवलंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे दिवसभर तुम्ही कामावर. घरात विसराळू बाई आणि ही मुलगी. गॅस आहे. तुम्ही शासनाला खोटा अहवाल करून दिलात. आम्ही मुलीला आज परत का पाठवावं?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मला भीती वाटली. एवढंच म्हणालो, "ती शाळेतून आली की आधी आजीला जेवलीस का विचारते, मग दप्तर ठेवते. तिला तिथून काढलं तर..."

"बाहेर बसा," अध्यक्ष बाई म्हणाल्या.

त्या बाकड्यावर किती वेळ बसलो ते माहीत नाही. माझ्यानंतरची दोन कुटुंबं आली आणि बसून राहिली, म्हणजे आत आमचंच चाललं होतं. पलीकडच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. भाची एका छोट्या खुर्चीवर बसली होती, समोर चित्रकलेचा कागद, हातात खडू. ती काही काढत नव्हती. मी तिला हाक मारावी की नाही, हे मला ठरवता येईना. हाक मारली तर तिला वाटेल मी रागावलोय. नाही मारली तरी तेच.

मला परत बोलावलं तेव्हा अध्यक्ष बाईंच्या पुढ्यात एक कागद होता.

"हे हमीपत्र आहे. आठ दिवसांत आईंना सरकारी दवाखान्यात दाखवायचं, कागद इथं आणून द्यायचा. तुम्ही घरी नसताना मुलीजवळ कोण असेल, त्या व्यक्तीनं स्वतःच्या खऱ्या नावानं लिहून द्यायचं. महिनाभरात पुन्हा गृहभेट होईल, न सांगता. तोवर आदेश नाही." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "मुलगी आज तुमच्याबरोबर येते आहे, कारण तिनं तसं सांगितलं आणि आम्हाला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. तुमच्यावर नाही."

मी सही केली. माझी अक्षरं इतकी वाकडी आली की ते गृहस्थ म्हणाले, पुन्हा करा.

परत येताना भाचीनं माझा शर्ट धरला नाही, सीटची कड धरली. सातपूरच्या सर्कलपाशी मी स्कूटर बाजूला घेतली. उसाच्या रसाची गाडी होती. दोन ग्लास सांगितले.

"मी तुझ्यावर चिडलेलो नाही," मी म्हणालो.

"मी चिडलीये," ती म्हणाली.

"हो."

"तू म्हणाला होतास, खोटं बोललं नाही तर मला नेतील. आणि त्या बाई म्हणाल्या, खोटं बोलल्यामुळं विचार करावा लागतोय. मला काहीच कळत नव्हतं काय केलं की घरी जाता येतं."

"माझं चुकलं. मी घाबरलो होतो."

"मी पण घाबरले होते," ती म्हणाली. "पण मी कुणाला काही शिकवलं नव्हतं." मग तिनं रस पिऊन टाकला आणि ग्लास गाडीवाल्याला परत दिला.

आईला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं लिहिलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हे थांबणार नाही, हळू होईल फार तर. कागदावर ते नाव वाचल्यावर मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. त्या दुपारी मी गॅसला घराबाहेरून बंद करायची कळ बसवून घेतली.

वहिनींकडं जाणं मात्र अवघड होतं. त्यांचे मिस्टर घरी होते. मी दोघांसमोर सगळं सांगितलं. मिस्टर म्हणाले, "लेखी कशाला द्यायचं? उद्या काही झालं तर आमच्यावर यायचं." त्यांचं चूक नव्हतं. वहिनी आत जाऊन हात धुऊन आल्या.

"लिहून काय द्यायचंय?" त्यांनी विचारलं.

"की शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत ती तुमच्या नजरेखाली असेल."

"ती तशीही असतेच. पहिल्यांदा हेच सांगायला आला असतात तर साड्या कशाला द्याव्या लागल्या असत्या?" त्यांनी सही केली. मिस्टरांनी टीव्हीचा आवाज वाढवला, पण अडवलं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. न सांगता येणार म्हणजे कधीही. मी दुकानात असलो तरी कान फोनकडं. रोज सकाळी निघताना मी घराकडं परक्याच्या नजरेनं बघायचो. कोपऱ्यातली जाळी, आईच्या अंथरुणाचा वास, भिंतीचा उडालेला रंग. एक दिवस मी वेड्यासारखा फिनेल आणून दोनदा फरशी पुसली. भाची म्हणाली, "मामा, पुरे. त्यांनी बघितलीये आपली फरशी."

समाजसेविका आल्या तेव्हा मी घरी नव्हतोच. मंगळवार होता, दुपारचे साडेचार. दिंडोरीचा एक शेतकरी मोटार घेऊन दारात बसलेला. वहिनींचा फोन आला, "आल्यात." मी मालकांना सांगून निघालो. सातपूरच्या रस्त्यावर कंपन्या सुटायची वेळ, सगळीकडं बस आणि मोटारसायकली. पोचलो तेव्हा समाजसेविका निघून गेल्या होत्या.

वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. जे झालं ते त्यांनी मला सांगितलं.

समाजसेविका आत गेल्या तेव्हा आई खाटेवर होती आणि भाची खाली बसून तिच्या पायाला तेल लावत होती. आईनं तिला हाक मारली. माझ्या बहिणीच्या नावानं. भाची म्हणाली, "ओ." आईनं विचारलं, मुलगी शाळेतून आली का गं? भाची म्हणाली, "आली. जेवली पण." आईचं समाधान झालं.

समाजसेविकांनी तिला बाहेर ओट्यावर बोलावलं. विचारलं, "आजी तुला आईच्या नावानं बोलावते?"

"रोज नाही. दुपारी जास्त."

"तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतं. पण मी आई नाही म्हटलं की ती आईला शोधायला चप्पल घालते. एकदा पार कंपनीच्या गेटपर्यंत गेली होती."

मला हे माहीत नव्हतं. गेटपर्यंत गेल्याचंही नाही आणि नावाचंही नाही. मी येईपर्यंत रोज संध्याकाळ झालेली असायची, आई शांत बसलेली असायची.

"त्यांनी लिहून घेतलं का हे?" मी वहिनींना विचारलं.

"सगळं. शब्दन् शब्द."

त्या रात्री मी धरूनच चाललो की आता संपलं. ज्या घरात मुलगीच आजीला सांभाळते, त्या घरात ती का राहावी, असा प्रश्न मलाही पडला असता. दहा दिवसांनी पुन्हा समितीपुढं बोलावलं. या वेळी मी भाचीला काहीही सांगितलं नाही. वाटेत ती तिच्या वर्गातल्या एका भांडणाबद्दल बोलत होती आणि मी नुसतं हं हं करत होतो.

अध्यक्ष बाईंनी दवाखान्याचा कागद वाचला, वहिनींचं पत्र वाचलं, मग अहवाल वाचला. तो त्यांनी दोनदा वाचला.

"मुलीला तुमच्याकडंच ठेवतोय," त्या म्हणाल्या. "पण एक नीट समजून घ्या. ही योजना तिच्या संगोपनासाठी आहे. तिनं घर सांभाळावं म्हणून नाही. दुपारी आजीजवळ बसायचं काम तिचं नाही. त्याची सोय तुम्ही करायची. दर काही महिन्यांनी आमचं माणूस येईल आणि आधी हेच बघेल."

"करतो," मी म्हणालो.

"कशी?"

मी विचार करून गेलो नव्हतो. पण विचारल्यावर उत्तर आलं. "कॉइल घरी भरता येतात. मोटार उघडायची दुकानात, तार घरी गुंडाळायची. मालकांना विचारतो. दुपारनंतर घरी राहीन."

मालकांनी लगेच हो म्हटलं नाही. हंगामात माणूस दुकानात लागतो. शेवटी पगार थोडा कमी करून तयार झाले. गुंडाळायचं हातमशीन मी आतल्या खोलीत खिडकीखाली बसवलं. आईला त्याचा आवाज आवडला. ती शेजारी बसून बघते आणि अधूनमधून विचारते, हे कुणाचं. मी शेतकऱ्याचं गाव सांगतो.

आदेश हातात आला, पण पैसे यायला बरेच महिने लागले. ऑफिसात विचारायला गेलं की निधी आलेला नाही असं सांगायचे. मग एक दिवस भाचीच्या खात्यावर काही महिन्यांचे एकदम जमा झाले. बँकेतून पासबुकावर नोंद करून आणली. ती दारात भाजी निवडत असलेल्या वहिनींनाही दाखवली.

मी भाचीला म्हणालो, "तुझे आहेत. काय हवंय तुला?"

मला वाटलं होतं सायकल म्हणेल.

"मामा, मला फळ्यावरचं दिसत नाही."

"म्हणजे?"

"लिहिलेलं. पुढं बसलं तर थोडं दिसतं. बाकी मी मैत्रिणीच्या वहीतून लिहिते."

"कधीपासून?"

"चौथीत होते तेव्हापासून."

मी हातातलं काम खाली ठेवलं. चौथीत, म्हणजे बहीण दवाखान्यात होती त्या दिवसांत. तेव्हापासून ती मैत्रिणीच्या वहीतून लिहीत होती, आणि मी तिच्या प्रगतिपुस्तकावर सह्या करत होतो.

"सांगितलं का नाहीस?"

"तेव्हा सगळे दवाखान्यात होते. नंतर राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. आईजवळ वहिनी बसल्या. डॉक्टरांनी एकेक भिंग घालून बघितलं. भाची भिंतीवरची अक्षरं वाचत होती, आधी चाचरत, मग भराभर, अगदी खालच्या ओळीपर्यंत. नंबर बराच निघाला. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, इतक्या दिवसांत आणलं का नाही.

माझ्याजवळ दोन-तीन कारणं तयार होती. भाची खुर्चीवर बसून माझ्याकडं बघत होती.

"माझ्या लक्षात आलं नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान हलवली आणि चष्म्याचा नंबर लिहायला घेतला.